चिंता टाकल्याशिवाय लीन होता येत नाही

एका तरुण बहिणीचा प्रश्न आहे, तो थोडक्यात असा: "ऑफिसात सगळे सांगतात, स्वतःवर विश्वास ठेव, आपल्या कामाचा डंका आपणच पिटायचा असतो, नाहीतर मागे पडशील. रविवारी उपासनेत ऐकते, लीन हो, देवावर विसंबून राहा. मी लीन राहून पाहिलं. मऊ सापडलं की लोक कोपराने खणतात, एवढंच शिकले. आणि देवावर विसंबणं म्हणजे 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' यापेक्षा वेगळं ते काय? पुढच्या आठवड्यात मला माझ्याच कामाचं मूल्यमापन लिहून द्यायचं आहे. ख्रिस्ती माणसाने त्यात काय लिहावं?"

मी तीस वर्षांहून अधिक काळ पाळक म्हणून सेवा करतो आहे. हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी माझ्यापुढे आणून ठेवतं, आणि विचारणारा बहुतेक वेळा दुखावलेला असतो. म्हणून आधी हे सांगतो की तुमचा अनुभव खोटा नाही. तुम्ही नमतं घेतलंत आणि लोकांनी फायदा उठवला, हे घडलं असणार. माझं म्हणणं इतकंच आहे की येशूचा शिष्य पेत्र याच्या एका वाक्याचा अर्धाच भाग तुम्ही जगायला घेतलात, आणि तो अर्धा भाग एकटा उभा राहत नाही.

ते वाक्य पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे, सहावं आणि सातवं वचन. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात त्याची दोन वाक्यं झाली आहेत. पहिल्यात देवाच्या पराक्रमी हाताखाली लीन व्हायला सांगितलं आहे. दुसऱ्यात, आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. वाचताना वाटतं की या दोन निरनिराळ्या सूचना आहेत, एक गर्विष्ठांसाठी आणि एक घाबरलेल्यांसाठी. मूळ ग्रीकमध्ये मात्र हे सलग एकच वाक्य आहे. आज्ञा एकच, 'लीन व्हा'. 'टाका' हे तिथे आज्ञा म्हणून येत नाही, 'टाकून', 'टाकत' अशा रूपात येतं. आपली सारी चिंता त्याच्यावर टाकत लीन व्हा. लीन कसं व्हायचं त्याची रीतच पेत्र सांगतो आहे.

हे माझ्या लक्षात आलं तेव्हा सेवेत मला दहाएक वर्षं झाली होती. तोवर मी लीनता शिकवत होतो ती वागण्याची रीत म्हणून: आवाज खाली ठेवा, मागच्या खुर्चीवर बसा, कौतुक झालं तर 'छे छे' म्हणा. लोक तसं वागायचेही. आणि घरी जाऊन कुढायचे, कारण आत काहीच बदललेलं नसायचं. आपली किंमत, आपलं उद्या, आपल्या मुलांचं पोट हे सगळं आपल्या एकट्याच्या हातात आहे असं ज्याला वाटतं, त्याला लीनता परवडतच नाही. शेजारच्याचं कौतुक झालं की त्याच्या खात्यातून काहीतरी वजा होतं. असा माणूस वरून नमला तरी आत हिशेब मांडत बसतो.

जगाच्या सल्ल्याकडे या बाजूने पाहा. तो सल्ला मूर्खपणाचा नाही. तुमची काळजी घेणारं तुमच्याखेरीज कोणी नाही, हे एकदा धरून चाललं की डंका पिटणं, कोपराने वाट काढणं, कधीही कमकुवत न दिसणं, हे सगळं शहाणपणाचंच ठरतं. शुभवर्तमानाचा जगाशी वाद आहे तो त्या धरून चालण्याशी. तो वाद न मिटवता नुसती वागणूक बदलायला गेलं की मग माणूस खरोखरच मऊ जमीन होतो. तुमचं तेच झालं असावं असं मला वाटतं.

(चिंता म्हणताना मी आजाराबद्दल बोलत नाही. ज्याला रात्र रात्र झोप नाही, छाती धडधडते, श्वास कोंडतो, त्याला 'तुझा विश्वास कमी पडतो' असं कोणी सांगू नये. त्याने डॉक्टरांकडे जावं, आणि आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करावी. दोन्ही गोष्टी देवाच्याच आहेत.)

हा वाद किती जुना आहे ते पाहायचं तर ग्रीकांकडे जावं लागतं. नव्या करारात लीन यासाठी जो शब्द आहे, 'तापेइनोस', तो ग्रीक जगात बहुतेक वेळा हिणवण्यासाठी वापरला जाई: खालचा, क्षुद्र, गुलामी वृत्तीचा. प्रेषित पौल ज्या मनोवृत्तीला सद्गुण म्हणतो, तिच्यासाठीचाच शब्द एपिक्टेटस हा तत्त्वज्ञ दोष म्हणून वापरतो. आणि त्याच्या कितीतरी आधी अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात थोर मनाच्या माणसाचं चित्र काढून ठेवलं आहे. हा माणूस मोठ्या मानाला पात्र असतो आणि आपण पात्र आहोत हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्या चित्रातली एक रेघ मला नेहमी थांबवते. त्याला उपकार करायला आवडतं, पण उपकार घ्यायची लाज वाटते, कारण देणारा वरचा आणि घेणारा खालचा. म्हणून त्याला आपण केलेले उपकार आठवतात, घेतलेले आठवत नाहीत. हे वाचून मला परकं काहीच वाटत नाही. आजचा कर्तबगार माणूसही 'मी कोणाचं काही घेतलं नाही' हेच छाती काढून सांगतो.

याच्यासमोर येशू डोंगरावर बसून पहिलंच वाक्य बोलतो: "जे आत्म्याने दीन ते धन्य, कारण स्वर्गाचे राज्य त्यांचे आहे." इथला ग्रीक शब्दही मुद्दाम पाहण्यासारखा आहे. गरीब यासाठी ग्रीकमध्ये दोन शब्द होते. एक कष्ट करून जेमतेम भागवणाऱ्याचा, आणि दुसरा ज्याला हात पसरण्यावाचून गत्यंतर नाही त्याचा. मत्तयाच्या शुभवर्तमानात दुसरा आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या थोर माणसाला ज्याची लाज वाटते, त्याच जागी येशू धन्यता ठेवतो: रिकामा हात पुढे करणं.

मी हे पुस्तकातून शिकलो असं म्हणणं खरं होणार नाही. ते एका खोलीत शिकलो. आमच्या मंडळीतले एक वयस्क गृहस्थ आयुष्यभर मोठ्या हुद्द्यावर होते, शिस्तीचे, मंडळीला सढळ हाताने देणारे. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली, वाणी जड झाली. मी भेटायला जायचो ती नेमकी त्यांच्या जेवणाची वेळ असे. पत्नी चमचा भरून ओठांजवळ न्यायची आणि ते ओठ घट्ट मिटून घ्यायचे. ती काही बोलायची नाही. चमचा तसाच हवेत धरून थांबायची, मग हळूच वाटीत परत ठेवायची. थोड्या वेळाने पुन्हा. नळीवाटे अन्न द्यावं लागेल असं डॉक्टर म्हणत होते. गिळता येत होतं, घेता येत नव्हतं.

एका संध्याकाळी मी एकशेएकतिसावं स्तोत्र वाचलं. तीनच वचनांचं स्तोत्र आहे. माझं हृदय गर्विष्ठ नाही, असं म्हणत ते सुरू होतं, आणि मधे ते बालक येतं, दूध तुटलेलं, आईजवळ शांत असलेलं. दूध पिणारं बाळ आईजवळ आलं की रडतं, शोधतं, ओढतं. दूध तुटलेलं मूल काही मिळवायला आलेलं नसतं, ते नुसतं तिच्या मांडीवर असतं. मी एवढंच सांगितलं आणि गप्प बसलो. बऱ्याच वेळाने ते जड जिभेने म्हणाले, "मी... कोणाकडून... काही घेतलं नाही कधी." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पूर्वी अनेकदा ऐकलं होतं, अभिमानाने म्हटलेलं. त्या दिवशी ते कबुलीसारखं आलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्यांना हात नव्हता. पत्नीने पदराने पुसलं. मग त्यांनी तोंड उघडलं. तिचा हात इतका थरथरत होता की पहिला चमचा अर्धा सांडला.

त्यानंतर ते दोन वर्षं होते. इतक्या वर्षांत मला भेटलेल्या लीन माणसांत मी त्यांचं नाव आधी घेईन, आणि त्यांनी लीन होण्यासाठी वेगळं असं काही केलं नाही. त्यांनी घेतलं.

आता खाटल्यावरच्या हरीबद्दल. देवावर विसंबणं म्हणजे आळस, हा आक्षेप जुना आहे आणि कित्येक आळशी विश्वासणाऱ्यांनी त्याला पुरावाही पुरवला आहे. पण रानात देवाने इस्राएल लोकांना दिलेलं अन्न, तो मान्ना, आठवा. तो आकाशातून पडायचा हे खरं, पण तोंडात पडत नव्हता. रोज पहाटे उठून, ऊन चढायच्या आत तो वेचावा लागे. ज्याने उद्याची सोय म्हणून जास्तीचा ठेवला त्याच्या मान्नात किडे पडले. शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट वेचायचा आणि तो टिकायचा. म्हणजे कष्ट होतेच, नियोजनही होतं. नव्हता तो फक्त साठ्याचा भरवसा. पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे याचं कारण सांगतो. पुढे घरं होतील, गुरंढोरं वाढतील, सोनंरुपं साठेल, आणि तेव्हा तू मनात म्हणशील की हे सारं माझ्याच बाहुबलाने मिळवलं. त्या दिवसासाठी ही चाळीस वर्षांची तालीम होती.

अलीकडच्या काळातलं उदाहरण जॉर्ज म्यूलर यांचं. जन्म 1805 चा, प्रशियातला. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल इथे 1836 मध्ये त्यांनी अनाथ मुलांसाठी पहिलं घर उघडलं. पुढे पाच मोठ्या इमारती झाल्या, एका वेळी सुमारे दोन हजार मुलांची सोय होईल एवढ्या, आणि त्यांच्या हयातीत दहा हजारांवर मुलं तिथे वाढली. कोणाही माणसाकडे पैसे मागायचे नाहीत, देवाकडेच मागायचं, हा त्यांचा नेम. लोक त्यांच्याविषयी एवढंच सांगतात. मला त्यांची दुसरी सवय जास्त महत्त्वाची वाटते: आलेल्या दानाची ते बारीकसारीक नोंद ठेवायचे, हिशेब प्रसिद्ध करायचे आणि कर्ज काढायचे नाहीत. जो देवावर खरोखर विसंबतो त्याच्या हिशेबाच्या वह्या नीट असतात, कारण पैसा आपला नाही हे त्याला ठाऊक असतं. प्रत्येकाने म्यूलर व्हावं असं मी म्हणत नाही. पगार मागणं, देणगीसाठी आवाहन करणं यात पाप नाही, पौलानेही यरुशलेमेच्या गरिबांसाठी मंडळ्यांकडून वर्गणी गोळा केलीच.

आता तुमच्या प्रश्नातला सर्वांत दुखरा भाग, कोपराने खणणाऱ्यांचा. इथे आम्हा पाळकांच्या हातून फार चुका झाल्या आहेत आणि ते मोकळेपणाने सांगायला हवं. मार खाणाऱ्या बायकोला, पिळवणूक होणाऱ्या कामगाराला, मंडळीतच अन्याय सोसणाऱ्याला 'लीन हो, सहन कर' असं सांगितलं गेलं. कित्येकदा ते सांगणाऱ्यालाच सोयीचं होतं. मीही तरुणपणी एका बहिणीला तसं सांगून घरी परत पाठवलं होतं. त्याबद्दल मी तिची क्षमा मागितली आहे. तिने ती दिली. मी केलेलं बरोबर होतं असा त्याचा अर्थ होत नाही.

पवित्र शास्त्र असली लीनता शिकवत नाही. महायाजकासमोर एका शिपायाने येशूच्या तोंडात मारली तेव्हा त्याने विचारलं: मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? आवाज चढवला नाही, उलट हात उगारला नाही, पण अन्यायाला अन्याय म्हटलं. आणि पौलाची फिलिप्पै या गावातली गोष्ट पाहा. चौकशीशिवाय फटके मारून त्याला आणि त्याचा सोबती सीला याला तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, सोडून द्या. पौल निघाला नाही. आम्ही रोमी नागरिक, आम्हांला उघडपणे फटके मारलेत आणि आता गुपचूप बाहेर काढता काय? त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावं. आणि ते आले.

हाच पौल पुढे त्याच गावच्या मंडळीला लिहितो की पोकळ डौल मिरवण्याच्या बुद्धीने काहीही करू नका, लीनतेने एकमेकांना आपणापेक्षा श्रेष्ठ माना. फिलिप्पै ही रोमी वसाहत होती. इ.स.पू. 42 मध्ये तिथे मोठी लढाई झाली आणि नंतर निवृत्त सैनिकांना तिथे जमिनी देऊन वसवण्यात आलं. हुद्दे, पदव्या, मानाची पदं दगडावर कोरून ठेवणारी ही माणसं. साक्षात ऑगस्टस कैसराने आपल्या कारकिर्दीची यादी लिहून ठेवली होती: जिंकलेले प्रदेश, मिळालेली पदं, बांधलेली मंदिरं, वाटलेला पैसा. तो इ.स. 14 मध्ये वारल्यावर ती कोरून लावली गेली. अंकाऱ्यातल्या एका मंदिराच्या भिंतींवर ती आजही आहे. अशा जगात पौल ख्रिस्ताची कारकीर्द लिहितो, फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, आणि तिची प्रत्येक पायरी खाली जाते: देवाच्या स्वरूपाचा असून त्याने स्वतःला रिक्त केलं, दास झाला, मरणापर्यंत आज्ञा पाळली, आणि मरण तरी कुठलं, तर वधस्तंभाचं. रोमी नागरिकाला जी शिक्षा सहसा दिली जात नसे, ती.

हे ख्रिस्ताला कसं जमलं? योहान आपल्या शुभवर्तमानात याचं कारण पाय धुण्याच्या प्रसंगात सांगतो आणि आपण ते वचन घाईने ओलांडतो. तेराव्या अध्यायाचं तिसरं वचन. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे ओळखून येशू भोजनावरून उठला, बाह्यवस्त्रं काढून ठेवली आणि रुमाल कमरेला बांधला. आपण कोण हे आधी पक्कं होतं, म्हणून गुडघ्यावर येताना त्याला काही गमवायचं नव्हतं. त्या खोलीत पाय मागे ओढणारा एकच होता, पेत्र. आणि म्हातारपणी तोच पेत्र त्याच पाचव्या अध्यायात, चिंतेच्या त्या वाक्याच्या एकच वचन आधी लिहितो की लीनता कमरेला बांधा. तिथला ग्रीक शब्द गुलामाने कामासाठी गाठ मारून बांधायच्या कापडावरून आला आहे. तो लिहिताना पेत्राच्या डोळ्यांपुढे तो रुमाल होता, असं मी धरून चालतो.

मंडळीत हे जमतं का? पुष्कळदा नाही. पुढच्या खुर्च्या, नावामागच्या पदव्या, देणगीदारांच्या पाट्या, हे सगळं आम्ही जगाकडून उचललं आहे. एका मेळाव्यात लीनतेवरच मी संदेश दिला आणि शेवटी आभार मानताना माझं नाव राहून गेलं. घरी जाईपर्यंत मी त्याच विचारात होतो. रात्री प्रार्थनेला बसलो तेव्हा शब्द सुचेनात. शेवटी येशूच्या दाखल्यातल्या जकातदाराचेच शब्द घेतले, हे देवा, मज पाप्यावर दया कर. लीनता एकदा मिळवून कपाटात ठेवता येत नाही, तीही मान्नासारखी रोजची रोज वेचावी लागते.

आता तुमचा फॉर्म. जकातदाराच्या त्या दाखल्यातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, तोही एक प्रकारे स्वतःचं मूल्यमापनच लिहीत होता: आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या मिळकतीचा दशमांश. यातलं काही खोटं होतं असं येशू म्हणत नाही. सुरुवातही त्याने देवाचे आभार मानूनच केली. बिघडलं ते 'इतर माणसांसारखा मी नाही' इथे. आकडे खरे होते, पण ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर पाय देण्यासाठी वापरले गेले.

दुसरं मूल्यमापन पौलाचं आहे, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात. तो सरळ लिहितो की मी त्या सर्वांपेक्षा जास्त श्रम केले. आपल्याकडे कोणी असं म्हटलं की आपण भुवया उंचावतो. पण तो तिथेच थांबत नाही. हे मी केलं नाही, माझ्याबरोबर असणाऱ्या देवाच्या कृपेने केलं. श्रम नाकारले नाहीत, कमी करून सांगितले नाहीत, आणि त्यांची मालकीही घेतली नाही.

तेव्हा तुम्ही जे काम केलंत ते आकड्यांसकट स्पष्ट लिहा. 'विशेष काही नाही, सगळं टीमने केलं' असं लिहू नका, तेही खोटंच आहे. ज्यांनी खरोखर हात लावला त्यांची नावं लिहा, ज्यांच्याशी तुमचं पटत नाही त्यांचीही. सुधारणेच्या रकान्यात 'मी जरा जास्तच मेहनत करते' असली शोभेची उणीव न देता खरी एक लिहा. आणि कोणी तुमचं काम आपल्या नावावर खपवलं असेल तर ते वरिष्ठांना शांतपणे, तारखांसकट सांगा. पौलाने फिलिप्पैत जे केलं त्यापेक्षा हे फार वेगळं नाही.

देण्याआधी तो कागद एकदा प्रार्थनेत देवासमोर मोठ्याने वाचा. एखाद्या वाक्यावर आवाज अडखळला तर ते वाक्य बदला. दिल्यानंतर त्या रात्री निकालाची चिंता पुन्हा येईल, कदाचित पहाटे तीन वाजता. आली की पुन्हा टाका. पेत्राने 'सर्व चिंता' म्हटलं आहे, आणि बढतीची चिंता त्याने त्यातून वगळलेली नाही.